पडलेल्या गड्याला उभे करू या

आपला सातारा-सांगलीचा मुलूख कष्टाळू माणसांचा आहे. येथे गावोगाव तालमी आहेत. आता धावण्याच्या शर्यतीही ठिकठिकाणी भरतात. सातारा शहरात २०१२ सालापासून यवतेश्वरच्या घाटातून २१ किलोमीटरची धाव होते. पहाटे रस्त्याने पळणारी पोरे-पोरी तर प्रत्येक गावात दिसतात. कोणाला सैन्यात जायचे असते, कोणाला पोलिसांत. कोणाला नुसती शर्यत जिंकायची असते.

पळणे म्हटले की दुखापत आलीच. कोणाचा घोटा मुरगळतो, कोणाचा गुडघा सुजतो, कोणाची नडगी ठणकू लागते. अशा वेळी घरात दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक जण म्हणतो, "एवढ्याशा दुखण्याला काय घाबरतोस? पळ तसाच." दुसरा म्हणतो, "झाला तुझा खेळ. आता गुमान म्हशी राख." ही दोन्ही बोलणी चुकीची आहेत. पहिल्याने पाय जातो, दुसऱ्याने उमेद जाते.

मग बरोबर काय? तेच या धड्यात आम्ही सांगणार आहोत.

दुखापत का होते?

सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. पाऊस कमी, जमीन खडकाळ. या तालुक्यात मोही नावाचे गाव आहे. तेथील शेतकऱ्याची मुलगी ललिता बाबर. ती २०१६ साली ब्राझील देशातील रिओ शहरी ऑलिंपिकमध्ये धावली. तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत होती. पहिल्या फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांची वेळ दिली आणि अंतिम शर्यत गाठली. तेथे साऱ्या जगातून तिचा दहावा क्रमांक आला.

ही शर्यत कशी असते ते पाहा. मैदानाला साडेसात फेऱ्या मारायच्या. वाटेत अडीच फूट उंचीचे लाकडी अडथळे असतात. ते अठ्ठावीस वेळा ओलांडायचे. शिवाय सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. उडी घेतली की सारे अंग एका पायावर येते.

साधे पळतानाही पायावर मोठा भार पडतो. शरीराचे जेवढे वजन, त्याच्या दोन ते तीन पट भार दर पावलाला पडतो. म्हणजे पन्नास किलोची मुलगी पळाली, तर तिच्या पायावर दर पावलाला एक ते दीड क्विंटल भार येतो. एका किलोमीटरमध्ये सुमारे हजार पावले पडतात. आता हिशेब आपणच करावा.

एवढा भार पाय कसा सोसतो? शरीराची एक खुबी आहे. दिवसा हाडांची आणि स्नायूंची थोडी झीज होते. रात्री झोपेत शरीर ती झीज भरून काढते. नुसती भरून काढत नाही, तर पहिल्यापेक्षा थोडे जास्त बळकट करते. म्हणून सरावाने माणूस तयार होतो. पण रोज झीज जास्त आणि भरपाई कमी अशी गत झाली, तर काय होईल? लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते. हाडाचेही तसेच होते. पडझड काही न होता नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते.

भरतीची तारीख जवळ आली की हे हटकून घडते. वर्षभर न पळालेला पोरगा एकदम रोज दहा किलोमीटर पळू लागतो. जेवणात भाकरी आणि चटणी, झोप पाच तास. मग पाय बोलू लागतो.

दुखणे ओळखावे

प्रत्येक दुखणे म्हणजे दुखापत नव्हे. नव्याने पळू लागले की पोटऱ्या आणि मांड्या भरून येतात. दोन्ही पाय सारखेच दुखतात. दोन-तीन दिवसांत दुखणे उतरते. याला घाबरू नये.

दुखापतीचे दुखणे निराळे असते. ते एकाच पायाला, एकाच जागी असते. बोट ठेवून जागा दाखवता येते. पळताना ते वाढते. पुढे पुढे चालतानाही दुखते, मग रात्री अंथरुणातही दुखते. असे दुखणे असेल तर पळणे त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हाडाची बारीक चीर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रे फोटोत दिसतेच असे नाही. म्हणून "फोटो चांगला आला" एवढ्यावर पुन्हा पळू नये. दुखणे राहिले तर पुन्हा दाखवावे.

काही पोरे दुखणे लपवतात. भरतीचे वय निघून जाईल अशी त्यांना भीती असते. कोणी दुखणे मारणारी गोळी घेऊन पळतो, कोणी सुई टोचून घेऊन पळतो. हे फार घातक आहे. दुखणे हे आपल्या वाड्यातल्या राखणदार कुत्र्यासारखे आहे. ते भुंकले तर चोर कुठे आहे ते पाहावे. कुत्र्याचे तोंड बांधून चोर जात नाही. शिवाय अशा गोळ्या मनाने घेत राहिल्यास पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो.

मुलींच्या आयांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुलगी खूप पळते आणि पोटभर खात नाही, तर तिची पाळी बंद पडू शकते. ही लाजेने लपवण्याची गोष्ट नाही. अशा मुलीची हाडे ठिसूळ होऊ लागतात. तिला डॉक्टरीण बाईंकडे न्यावे आणि तिचे ताट वाढवावे.

पहिले दोन-तीन दिवस

पाय मुरगळला की आपल्याकडे लगेच तेल लावून रगडतात, नाही तर विटेने शेकतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे करू नये. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळण्याने आणि शेकण्याने सूज वाढते. त्याऐवजी असे करावे:

पाय जमिनीवर टेकवू नये. विश्रांती द्यावी.

बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे दुखऱ्या जागी धरावा. दोन-तीन तासांनी पुन्हा धरावा. बर्फ उघडा कातडीवर ठेवू नये. बर्फ नसेल तर गार पाण्यात भिजवलेले फडके चालते.

ताणणारी पट्टी हलक्या हाताने बांधावी. बोटे निळी, गार किंवा बधिर झाली तर पट्टी लगेच सैल करावी.

पायाखाली गोधडीची घडी ठेवून पाय उंच ठेवावा.

काही खुणा मात्र अशा आहेत की वाट पाहू नये. चार पावलेही टाकता येत नाहीत, हात-पाय वाकडा दिसतो, जखमेतून हाड दिसते, बोटे बधिर होतात, यांपैकी काहीही असेल तर दवाखाना गाठावा. १०८ या क्रमांकावर फोन केला की सरकारी गाडी येते. वाकडे झालेले हाड ओढून सरळ करू नये. आहे तसेच काठीचा आणि मऊ कापडाचा आधार देऊन बांधावे. हाडवैद्य आपला माणूस असतो हे आम्ही जाणतो. पण हाड आत कसे मोडले आहे ते वरून हाताला कळत नाही. आधी फोटो काढावा, मग उपचार ठरवावा. आपल्या भागाला मिरज जवळ आहे. तेथे डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ साली इस्पितळ सुरू केले. तेव्हापासून इस्पितळांचे गाव म्हणून मिरजेची ख्याती आहे.

वाट पाहणे हेच अवघड

मोडलेले हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. नडगीचे हाड मोडले तर तीन-चार महिने, कधी त्याहूनही जास्त लागतात. पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस मागून चालत नाही. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पण तरण्या पोराला हा काळ खायला उठतो. सोबती मैदानात असतात आणि तो बाजेवर पडलेला असतो. अशा वेळी धीर कसा धरावा, हे शिकवणारा एक माणूस आपल्याच भागात होऊन गेला नाही, तर आहे. त्याचे नाव मुरलीकांत पेटकर.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यात पेठ नावाचे गाव आहे. पेटकर त्या गावचे. लहान वयातच ते सैन्यात गेले. तेथे ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. त्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात अडकून राहिली. त्यांच्या कमरेखालचे बळ गेले.

कण्याला मार लागला की पाय का जातात? आपल्या कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम या दोरीतून हातापायांना पोहोचतो. ही दोरी दुखावली की पाय धड असूनही हुकूम पोहोचत नाही. ही दोरी हाडासारखी पुन्हा जुळत नाही. पायांवर उभे राहून मुष्टियुद्ध खेळणे पेटकरांना आता शक्य नव्हते.

मुंबईला कुलाब्यात नौदलाचे अश्विनी नावाचे रुग्णालय आहे. तेथे त्यांच्यावर उपचार झाले. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाण्यातच का? विहिरीतून घागर ओढताना आपण पाहतो. घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर आली की जड होते. शरीराचेही तसेच आहे. पाणी अंगाचा भार उचलते. मग ज्याचे पाय चालत नाहीत, तोही हातांच्या बळावर पुढे सरकतो. मुष्टियोद्ध्याचे हात आणि खांदे बळकट होतेच. जे गेले त्याचा शोक करीत न बसता, जे उरले ते त्यांनी कामाला लावले.

या उपचारामागे एक मोठा विचार आहे. पूर्वी कण्याला मार लागलेला माणूस अंथरुणात पडून राही आणि बहुधा लवकर मरे. इंग्लंडमध्ये डॉक्टर गुटमन यांनी हे बदलले. त्यांनी १९४८ साली जखमी सैनिकांच्या सामन्यांना सुरुवात केली. त्यातूनच पुढे अपंगांचे ऑलिंपिक उभे राहिले. त्याला पॅरालिंपिक म्हणतात. पहिले पॅरालिंपिक १९६० साली रोमला भरले.

१९६८ साली पेटकर इस्रायलमधील तेल अवीव येथे पॅरालिंपिकला गेले. तेथे ते टेबल टेनिस खेळले. पदक मिळाले नाही. पुन्हा सराव सुरू झाला. १९७२ साली ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेले. पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक.

गोळी लागल्यापासून पदकापर्यंत सात वर्षे गेली. ही सात वर्षे ते एकटे नव्हते. उपचार करणारे सैन्याचे डॉक्टर आणि परिचारिका होत्या. व्यायाम करवून घेणारी माणसे होती. परदेशी जाण्याच्या खर्चासाठी प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हात दिला. सरकारने त्यांना २०१८ साली पद्मश्री दिली आणि २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते अर्जुन पुरस्कार मिळाला.

घराने काय करावे?

बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याला जुवाला जुंपत नाही. त्याचा खांदा बरा होऊ देतो. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून त्याला लोणी-हळद लावतो. बैलावर आपण जेवढी माया करतो, तेवढी दुखावलेल्या पोरावर करावी.

पहिली गोष्ट म्हणजे अन्न. हाड जुळताना शरीराला जास्त अन्न लागते. डाळ, उसळ, दूध, अंडे, पालेभाजी, नाचणीची भाकरी यांतले जे घरात आहे ते द्यावे. महागडे डबे विकत आणण्याची गरज नाही. तंबाखू आणि विडी मात्र बंद करावी. तिने हाड उशिरा जुळते.

दुसरी गोष्ट म्हणजे काम. पाय दुखावला म्हणून हात रिकामे ठेवू नयेत. बसून शेंगा फोडाव्यात, घरचा हिशेब लिहावा, वाचन करावे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर बसून हातांचा व्यायाम करावा. आपण घराला जड झालो आहोत, असे त्याला वाटू देऊ नये.

तिसरी गोष्ट म्हणजे बोलणे. "आम्ही सांगत होतो ना" हे वाक्य घरात उच्चारू नये. मुलीला तर मुळीच ऐकवू नये. मुलगी पडली की तिचे मैदान कायमचे बंद करायला घरे निमित्तच शोधत असतात. पाय बरा होतो, पण बंद झालेले दार पुन्हा उघडत नाही.

घरात कोणी कण्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले असेल तर जास्त जपावे लागते. त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. अंथरूण कोरडे ठेवावे. पाठ, कंबर आणि टाचा रोज पाहाव्यात. त्याला तेथे स्पर्श कळत नाही, म्हणून आपण पाहायचे. कातडी लाल दिसली की समजावे, जखम होऊ घातली आहे.

गावाने काय करावे?

कऱ्हाडजवळ गोळेश्वर गाव आहे. तेथील खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी आणि स्नेह्यांनी वर्गणी जमवली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर १५१ बैलगाड्या लावून त्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी काय केले? कुस्त्या भरवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे देणे फेडले.

पुढे त्यांचा गुडघा जबर दुखावला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. सगळ्या दुखापती बऱ्या होऊन माणूस पुन्हा मैदानात येतोच असे नाही. खाशाबांचे ऑलिंपिक तेथे संपले. पण माणूस संपला नाही. ते पोलीस खात्यात फौजदार होते. त्यांनी तेथे प्रामाणिकपणे नोकरी केली आणि सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले. खेळ हा आयुष्याचा एक भाग आहे. तो गेला तरी बाकीचे आयुष्य उरते.

आपल्या गावाला घर गहाण ठेवण्याची गरज नाही. लहान लहान गोष्टी करता येतात. दवाखान्यात नेण्यासाठी एकाची मोटारसायकल, औषधाला चार घरांची वर्गणी, आणि तालमीत रोज बसायला एक जागा. दुखावलेल्या गड्याला तालमीत बोलवावे. तो धाकट्यांना डाव सांगेल, घड्याळ लावून वेळ मोजेल. मिरवणुकीला सारे गाव येते. बाजेपाशी बसायला कोण येतो, त्यावरून गाव ओळखावे.

हे आपल्याला नवे नाही. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते. चालून चालून वारकऱ्यांच्या पायाला फोड येतात. गावोगावची माणसे त्यांचे पाय चेपतात, मलम लावतात. कोणी अगदीच थकला तर दिंडीच्या गाडीत बसतो आणि बरे वाटले की पुन्हा टाळ घेऊन चालू लागतो. त्याची वारी मोडली असे कोणी म्हणत नाही.

पुन्हा पळताना

डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरुवात करावी. आधी चालावे. अर्धा तास चालून काही दुखले नाही, तर भरभर चालावे. मग एक मिनिट हळू पळावे, दोन मिनिटे चालावे. हे एक दिवसाआड करावे. आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे वाढवावे. मातीच्या वाटेने पळावे. डांबरी रस्ता नंतर. झिजलेले बूट वापरू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय सांगतो ते ऐकावे. दुखत नसेल तर पुढची पायरी. दुखत असेल तर एक पायरी मागे. मागे येण्यात कमीपणा नाही.

आज संध्याकाळी आपल्या गल्लीत चक्कर टाका. कोणी पोरगा किंवा पोरगी पाय दुखावून घरी बसली आहे का, ते पाहा. तिच्यापाशी घटकाभर बसा. हा धडा तिला वाचून दाखवा. आपण वाचायला शिकलो, ते अशाच कामासाठी.